ओन्ली सर

सरांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या नावानं त्यांच्याकडं आता गॅसचा सिलिंडर आणि लाइटबिल एवढंच येतं. बाकी नांदेडात ते 'ओन्ली सर'. वजिराबादेत विचारा, श्यामनगरात विचारा, कुणीही घरापर्यंत आणून सोडेल. घरात शिरल्यावर मात्र जपून बोला. 'सर इथंच राहतात का?' असं सरळ मराठीत विचारा. हौसेनं इंग्रजीत विचारायला गेलात आणि तोंडून 'हिअर ओन्ली' निघालं, तर पाऊण तास चहा मिळणार नाही.

मी त्यांच्या वर्गात आलो ते १९८७ साली, आठवीत. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून व्हायला २००० साल उजाडावं लागलं. म्हणजे आमच्या गाठीला जेमतेम तीन वर्षांचं इंग्रजी. हत्तीला एलिफंट म्हणतात आणि 'मे आय कम इन' म्हटल्याशिवाय वर्गात पाय टाकायचा नाही, इतपत. पहिल्याच दिवशी सर हजेरी घेत होते. शेवटच्या बाकावर लोह्याकडचा एक पोरगा खाली वाकून चपलेचा निघालेला अंगठा बसवत होता. सरांनी दोनदा त्याचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा घेतल्यावर तो धडपडत उठला आणि एका दमात म्हणाला, "सर, आय ॲम हिअर ओन्ली."

सरांनी हजेरीपट मिटला. चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकानं पुसला.

"फक्त इथं आहेस?"

"हौ सर."

"दुसरीकडं कुठं नाहीस?"

"नाही सर. कुठंच नाही."

"मग सांगितलंस कशाला? मी विचारलं होतं का, की बाबा, तू एकाच वेळी इथं आणि लोह्याला, दोन्हीकडं आहेस काय म्हणून? तू काय पांडुरंग आहेस?"

वर्ग हसला. पोरगा हसला नाही, कारण आपण काय पाप केलं हे त्याला कळलंच नव्हतं. आम्हालाही कळलं नव्हतं, पण सर हसवायलेत म्हटल्यावर हसणं भाग होतं. त्या दिवशी हजेरी अर्धीच राहिली. उरलेल्या तासात सरांनी आम्हाला रुमालाचा सिद्धांत शिकवला.

सिद्धांत असा. एसटी फलाटाला लागायच्या आत तुम्ही खिडकीतून रुमाल टाकता. रुमाल ज्या सीटवर पडला ती सीट तुमची. शेजारची तुमची नाही, मागची तुमची नाही. ओन्ली हा रुमाल आहे. वाक्यात ज्या शब्दाच्या पुढ्यात टाकाल तो शब्द धरला जाईल. "आणि तुम्ही काय करता?" सर विचारायचे. "गाडी सुटल्यावर पळत जाता आणि रुमाल टपावर फेकता. कुणाची सीट धरली? कुणाचीच नाही. गाडी आपली लातूरला चालली, टपावर रुमाल घेऊन."

दिसायला सर म्हणजे एक साधा, वाळका माणूस. खिशाला एक निळा आणि दोन लाल पेन, कारण लाल लवकर संपायचा. खांद्याला कापसाच्या बियाण्याच्या कंपनीची फुकट मिळालेली पिशवी, तिच्यात दोनशे पानी वही. वहीत सरळ रेघा मारून तीन रकाने पाडलेले: वाक्य, कुठं सापडलं, दुरुस्ती. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक, कुठलाही ओन्ली त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फुलपाखरं टाचून ठेवणारी माणसं असतात, त्यातलेच हे, फक्त यांचं फुलपाखरू एकाच जातीचं. २००८ साली गुरुगद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, जगभरातून शीख यात्रेकरू आले, गावात इंग्रजी पाट्यांचं पीक आलं. लोक नव्या रस्त्यांकडं बघत होते आणि सर पाट्यांकडं. त्या एका वर्षात दोन वह्या भरल्या, असं काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अजून सांगतात. सांगताना कपाळाला हात लावतात.

आता मूळ गोष्टीकडं येतो. सरांचा एक तास मी जन्मभर विसरणार नाही. फळ्यावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं: बापूनं काल मामाला शंभर रुपये दिले.

"यात च घाला," सर म्हणाले. "कुठंही घाला."

आम्ही घालत गेलो, ते बोलत गेले. "बापूनंच? म्हणजे बाकीच्या भावांनी हात वर केले. कालच? आज परत मागायला येऊ नका. मामालाच? काका रुसला. शंभरच? मामा रुसला. रुपयेच? ज्वारीचं पोतं दिलं नाही, मामी रुसली. बघा, एका अक्षरानं अख्खं गोत फोडलं."

मग तेच इंग्रजीत. पाच पोरं उभी केली. एक बापू, एक गेव्ह, एक मामा, एक हंड्रेड रुपीज, एक यस्टर्डे. वर्गातलं सगळ्यात बारकं पोर ओन्ली झालं. त्याच्या हातात सरांनी स्वतःचा रुमाल दिला. तो ज्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहील त्याचा अर्थ आम्ही मोठ्यानं सांगायचा. मग सर म्हणाले, "आता मराठी. आता तू च." लगेच ते पोर मागं पळालं आणि बापूच्या शर्टाचं टोक धरून उभं राहिलं. "इंग्रजीत हा पुढं चालतो, चोपदारासारखा. मराठीत मागं येतो, शेपटासारखा. एवढाच फरक. झालं तुमचं ओन्ली." शर्टाचं टोक धरलेला च माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, म्हणजे तो ज्याला लागतो त्याचं रूप मोडत नाही. 'वर' लागला तर घराचं 'घरा' करावं लागतं, मागं लागला तरी 'घरा', पाशी लागला तरी 'घरा'. च आला तर घर तसंच राहतं. घरच. घरच्या माणसासाठी कुणी मांडामांड करत नाही.

तर सर खूश होऊन खडू ठेवायला निघाले, आणि तोच लोह्याचा पोरगा उठला.

"सर, एक राहिलं. 'दिलेच'."

"दिलेच म्हणजे ओन्ली गेव्ह."

"म्हणजे फक्त दिले? दुसरं काही केलं नाही?"

"हं."

"पण सर, आमच्या घरी 'बापूनं पैसे दिलेच' म्हणले तर त्याचा अर्थ, बापू नाही नाही म्हणायला होता, पण शेवटी दिले. त्यात ओन्ली कुठंय?"

मी सरांना तेव्हा पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. घंटा झाली. ते फळा न पुसता गेले.

पुढचे चार-पाच दिवस सरांनी आम्हाला निबंध आणि पत्रलेखनावर ठेवलं. आमचा अंदाज होता की ते विसरले. सहाव्या दिवशी येताच म्हणाले, "च दोन नोकऱ्या करतो. पहिली नोकरी, बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायची. शंभरच, म्हणजे एकशे एक नाही. दुसरी नोकरी, दाराच्या आत जे आहे त्यावर ठासून बोट ठेवायचं. दिलेच. इथंच आहे की. आत्ताच येतो. असंच असतं. आता इंग्रजीतला ओन्ली फक्त पहिल्या नोकरीवर आहे. दुसऱ्या नोकरीवर त्यांनी वेगळी माणसं ठेवलीत. आवाज चढवतात, नाहीतर डिड घालतात, ही डिड गिव्ह. आपण काय करतो? आपल्याला वाटतं च म्हणजे ओन्ली. म्हणून दुसऱ्या नोकरीवरही ओन्लीलाच पाठवतो. तो बिचारा तिथं जाऊन उभा राहतो. काम काय ते त्याला ठाऊक नाही. साहेबालाही ठाऊक नाही हा कोण."

मग लोह्याच्या पोराला उभं करून म्हणाले, "हा प्रश्न तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत शोधला, नाही सापडला. तू विचारलास. बस खाली." त्या पोरानं पुढं आडत टाकली. त्याला विचारलं तर तो आजही म्हणतो, शाळेतलं एवढंच ध्यानात राहिलंय.

सरांचा ओन्लीवरचा राग इंग्रजीच्या प्रेमातून आलाय असं सगळ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांचे वडील निजामाच्या काळात कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस होते. दुनियेची गाऱ्हाणी उर्दूत लिहून द्यायची, अर्जामागं आणेलीपावली घ्यायची. तेव्हा मराठवाड्यात शिकलेला माणूस म्हणजे उर्दू शिकलेला माणूस. उस्मानिया विद्यापीठ निघालं १९१८ साली, तेही उर्दू माध्यमाचं. वडील प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक शब्द लिहायचे, 'फ़क़त', आणि मग खाली अर्जदाराचा अंगठा. सर लहानपणी विचारायचे, हे काय? वडील सांगायचे, ही कडी आहे. ही लावली की अर्जात मागाहून कुणाला काही घुसवता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. पुढं १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वडिलांचं उर्दू एकाएकी आजोबांच्या पगडीसारखं झालं. घरात आहे, पण घालायचं कुठं? पोराला ते म्हणाले, तू इंग्रजी शीक, ही काही जायची नाही. एवढं म्हणून वडील स्वतः म्हातारपणापर्यंत 'ऐसाइच होता है' असंच बोलत राहिले.

हा 'ऐसाइच' मी सरांना एकदा दाखवून दिला, तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. नांदेड स्टेशनवर उतरलात की रिक्षावाला हात वर करून ओरडतो, 'साब, मैं इधरिच हूँ!' हा इच दिल्ली-लखनौच्या उर्दूत कुठून येणार? तो आपलाच च आहे. ज्ञानेश्वरीत तो चि म्हणून वावरतो. दखनीनं तो मराठीतून उचलला आणि पार हैदराबादपर्यंत नेला. म्हणजे आपल्या च नं आधी उर्दूला बाटवलं आणि आता इंग्रजीला. वर देगलूर-बिलोलीच्या बाजूची तेलुगू माणसं 'इक्कडे' म्हणत शेवटी तसंच ठासतात, उदगीर-निलंग्याकडचे कन्नड बोलणारे 'इल्ले' म्हणतात, हिंदीवाल्यांचं 'यहीं' आहेच. सगळ्यांचाच हा प्रत्यय शब्दाच्या मागं लटकलेला. सर ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी एकटा, आणि समोर देगलूरपासून दिल्लीपर्यंत सगळे."

"एकटेच, सर," मी म्हणालो.

"पहिली नोकरी," सर म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

काकूंचं मराठी सरांच्या सिद्धांताला रोज घरच्या घरी तपासून घेतं. एकदा सर मला च च्या दोन नोकऱ्या पुन्हा समजावून सांगत होते. काकू आतून म्हणाल्या, "तुम्हीच शहाणे." सर क्षणभर थांबले. "ही पहिली," ते हळूच म्हणाले. काकू बाहेर आल्या, चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, "शहाणेच आहात." सर म्हणाले, "ही दुसरी." दोन्ही वाक्यांत कौतुक कुठंच नव्हतं, ही बाब मी व्याकरणाच्या बाहेरची समजून सोडून दिली.

सिद्धांताला खरा धक्का बसला तो बँकेत. कोणत्या ते सोडा. सरांनी कुणाला तरी पाच हजारांचा चेक लिहिला आणि नियमाप्रमाणं ओन्ली आधी लिहिलं: 'ओन्ली फाइव्ह थाउजंड'. खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, ओन्ली शेवटी लिहा. सर म्हणाले, इंग्रजीत ओन्ली ज्याला लागतो त्याच्या आधी येतो. मुलगी म्हणाली, चेकवर शेवटी येतो. सर म्हणाले, कोणत्या नियमानं? सरांच्या मागं रांग होती, जेवणाची सुट्टी जवळ आलेली. ती म्हणाली, "काका, पुढं कुणी 'फाइव्ह हंड्रेड' जोडलं तर तुमचेच पैसे जातील."

सर चेकबुक घेऊन बाजूच्या बाकड्यावर बसले. नवा चेक लिहिला. 'फाइव्ह थाउजंड ओन्ली.' आणि म्हणे तसेच बसून राहिले. मला त्यांनी हे नंतर सांगितलं. "अरे, ते फ़क़त होतं," ते म्हणाले. "वडिलांची कडी. मी पन्नास वर्षं इंग्रजी शिकलो आणि चेकवर आलो तर तिथं वडील बसलेले." फक्त हा शब्द अरबी-फारसीतूनच आपल्याकडं आलाय आणि आपण तो मराठीचा म्हणून वापरतो, हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि स्वतःच्या हातानं लिहिणं वेगळं. त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी नवा मथळा टाकला: अपवाद. क्रमांक १, पैसा. क्रमांक २, पाट्या. कारण 'लेडीज ओन्ली' ही पाटीही मग त्यांना आठवली, आणि ती चुकीची आहे असं म्हणायची त्यांची छाती होईना.

निवृत्त झाल्यावर सर शनिवार-रविवारी लातूरला शिकवायला जाऊ लागले. आता लातुरात इंग्रजीचा मास्तर म्हणजे कापडबाजारात कंगव्याचं दुकान. शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, लातूर पॅटर्न, अख्खा महाराष्ट्र त्या गावाचं नाव ऐकतो ते फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसाठी. पोरं परभणी, हिंगोली, बीड, नगरहून येतात, खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात, रात्री दोनपर्यंत प्रश्नपत्रिका सोडवतात. फिजिक्सच्या वर्गाला चपला ठेवायला जागा नसते. सरांच्या वर्गाला पहिल्या वर्षी अकरा पोरं होती, त्यातली दोन एकमेकांना भेटायला येणारी. सरांचा आवडता विनोद असा की नीटवाल्या पोरांना नीट बोलायला कुणी शिकवत नाही. दर वर्षी नव्या बॅचला ते हा विनोद ऐकवतात आणि दर वर्षी एकटेच हसतात.

मी तेव्हा नोकरीनिमित्त लातूरला होतो, म्हणून एकदा त्यांच्या वर्गात मागं जाऊन बसलो. एक पोरगं म्हणालं, "सर, आम्हाला ग्रामर नको. इंग्लिशमध्ये फक्त पास व्हायचंय."

सर उजळले. इतकं चांगलं वाक्य त्यांना कुणी आयतं आणून देत नाही. "इंग्रजीत सांग."

"ओन्ली आय हॅव टु पास इन इंग्लिश."

"म्हणजे तुलाच पास व्हायचंय. हे बाकीचे दहा नापास झाले तरी चालतील."

दहा जणांनी त्याच्याकडं पाहिलं.

"आय हॅव टु पास इन इंग्लिश ओन्ली."

"गेलं तुझं फिजिक्स. बापानं तूर विकून पाठवलंय तुला, नुसत्या इंग्रजीसाठी?"

पोरगं आता ईर्ष्येला पेटलं. पेन दाताखाली धरून त्यानं विचार केला. "आय ओन्ली हॅव टु पास इन इंग्लिश."

"बरोबर," सर म्हणाले. "आता तू पास." पस्तीस मार्कांची मागणी तोंडी पूर्ण झाली. वर्ग चक्क टाळ्या वाजवायला लागला. शेजारच्या खोलीतल्या केमिस्ट्रीच्या सरांनी दारातून डोकावून पाहिलं. इंग्रजीच्या तासाला टाळ्या त्यांनीही कधी ऐकल्या नसाव्यात.

मला मात्र ते शेवटचं वाक्य कुठंतरी टोचलं. नियमाप्रमाणं रुमाल 'पास'च्या पुढ्यात पडायला हवा होता, तो 'हॅव'च्या पुढ्यात पडला होता, आणि तरी सरांनी बरोबर म्हटलं. पुढं हैदराबादला आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांत मला फाउलरचा इंग्रजी वापराचा कोश सापडला. तो १९२६ सालचा. त्यात ओन्लीवर चांगली लांबलचक नोंद आहे. फाउलर म्हणतो त्याचा मथितार्थ असा की बोलण्यात ओन्ली क्रियापदाच्या आधी जाऊन बसतो ही इंग्रजीची जुनी खोड आहे, अर्थात गोंधळ होत नसेल तर त्याला ओढून-ताणून 'बरोबर' जागी बसवणारे पंडित उगीच भाषेच्या मानेवर बसतात. व्याकरणातल्या दादा लोकांचा बाप मानला गेलेला फाउलर पंडितांना झापत होता, आणि पंडित म्हणून माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस येत होता, खांद्याला बियाण्याची पिशवी अडकवलेला.

मी पुस्तक नेऊन दिलं. द्यायला नको होतं की काय, असं परतताना वाटत राहिलं. या वयात माणसाच्या हातातून रुमाल काढून घ्यायचा म्हणजे काय.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन. "उठलास का?"

"उठलोच, सर."

"फाउलर बरोबर आहे." थोडं थांबून म्हणाले, "त्याच्या गावात. तिथला माणूस तोंडानं बोलतो तेव्हा आवाजानं बोट दाखवतो. ओन्ली कुठंही टाक, ज्या शब्दावर जोर देईल तो शब्द धरला जातो. अरे, आपला च तेच तर करतो, आवाजाचं बोट अक्षरात घेऊन. म्हणून आपल्याला जोर द्यावा लागत नाही. पण कागदाला कुठं आवाज असतो? पेपर तपासणारा परीक्षक पोराचा आवाज ऐकत नाही. तिथं जागाच बघावी लागते. फाउलर पोरांचे पेपर तपासत नव्हता." परत थांबले. "खरं तर तपासत होता. तो पण आधी मास्तरच होता, शाळेत. सोडली त्यानं नोकरी." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "मी नाही सोडली."

फोन ठेवायच्या आधी म्हणाले, शनिवारी नांदेडहून लातूरला निघतोय, तू इकडंच आहेस तर सोबत चल.

शनिवारी स्टँडवर गेलो तर सर फलाटावर, हातात रुमाल तयार. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालंय आणि पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीपासूनच फुकट, त्यामुळं नांदेड-लातूर गाडीला आता कुठल्याही वारी जत्रेची गर्दी असते. गाडी आत वळली, अजून थांबलीही नव्हती, की सरांनी पळत जाऊन तिसऱ्या खिडकीतून रुमाल आत टाकला. नेम अचूक. वयाच्या मानानं काय पळाले! माझ्याकडं वळून त्यांनी मान हलवली, आठवीच्या वर्गात हलवायचे तशी.

आम्ही दारातून ढकलाढकली करत आत पोचलो तेव्हा तिसऱ्या खिडकीशी एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर गाठोडं. सरांचा रुमाल तिनं उचलून पुढच्या बारवर नीट घडी करून ठेवला होता.

सर वाकून म्हणाले, "आजी, इथं माझा रुमाल होता."

"व्हता की."

"म्हणजे जागा मी धरली होती."

आजीनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रुमालच व्हता," ती म्हणाली. "मानूस कुठं व्हता?"

मागून कुणीतरी खो खो हसलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला, आजीला शून्याचं तिकीट दिलं आणि आम्हाला म्हणाला, चला, मागं सरका. सर मागं सरकले. वरचा दांडा धरून उभे राहिले. मला वाटलं आता हे रागावतील, निदान म्हातारीला ऐकवतील. सर खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. जरा वेळानं त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"पाहिलंस? पहिली नोकरी. आणि जागा बघ जागा. 'होताच रुमाल' म्हणाली असती तर मी भांडलो असतो."

"इंग्रजीत काय होईल, सर?"

"इट वॉज ओन्ली अ हँकरचीफ." त्यांनी एकदा पुन्हा म्हणून पाहिलं. "हलवायला जागाच नाही. फाउलरला विचार."

वही पिशवीत होती, पण गर्दीत हात वर नेता येईना. त्यामुळं ते वाक्य वहीत जाईपर्यंत विसरू नये म्हणून सर ते मधूनमधून पुटपुटत राहिले. म्हातारीनं गाठोडं सोडलं, शेंगा काढल्या आणि टरफलं खिडकीबाहेर टाकत खात बसली. मग बारवरचा रुमाल घेतला, मांडीवर पसरला, त्यात काहीतरी करत राहिली. आम्हाला तिचं डोकं तेवढं दिसत होतं.

लोह्याला ती उतरायला उठली. जाता जाता तिनं रुमाल सरांच्या हातात दिला. चारी टोकांची गाठ मारलेला. सरांनी तो तिथंच उभ्या उभ्या सोडला. आत सोललेल्या शेंगांचे दाणे.

"येवढेच राहिलेत," आजी पायरीवरून म्हणाली. "बसून खा."